एक लाख वीस हजार चौरस फूट

३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत क्रोशाने विणलेलं एक ब्लँकेट जमिनीवर पसरलं. क्षेत्रफळ ११,१४८.५ चौरस मीटर, म्हणजे एक लाख वीस हजार चौरस फूट. क्रोशाचं जगातलं सर्वांत मोठं ब्लँकेट म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. स्वेटर यंत्रावर निघतात, क्रोशाचा टाका मात्र आजही हातानेच घालावा लागतो. म्हणजे त्या अफाट विणीतला एकूणएक टाका कुणाच्या तरी बोटांतून गेलेला होता. त्यात महाराष्ट्रातल्या आम्हीही होतो.

या कल्पनेचं मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. डिसेंबर २०१३मध्ये नेल्सन मंडेलांच्या सचिव राहिलेल्या झेल्डा ला ग्रांज यांनी कॅरोलिन स्टाइन यांना आव्हान दिलं : मंडेलांच्या ६७ वर्षांच्या सार्वजनिक सेवेसाठी ६७ ब्लँकेटं विणून गरिबांना द्या. एकटीला हे जमेना, तेव्हा त्यांनी फेसबुकवर हाक घातली आणि देशोदेशीच्या बायका सुया घेऊन पुढे आल्या. एप्रिल २०१५मध्ये प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जसमोर त्यांनी ३,३७७ चौरस मीटरचं ब्लँकेट अंथरलं. चेन्नईच्या सुबाश्री नटराजन यांनी सुरू केलेला ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा गट त्याच्या तिपटीहून पुढे गेला. पुढे विक्रम पुन्हा आफ्रिकेकडे गेला, पण दोन्हीकडे ऊब मिळाली ती गरजूंनाच. मला त्या चढाओढीतलं हेच सर्वांत आवडतं.

घरोघरी साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन विणायचे, चेन्नईला पाठवायचे आणि तिथे ते एकमेकांना जोडायचे, अशी रीत. ऐकायला सोपं वाटतं. पण एकच नमुना, एकाच नंबरची सुई आणि एकच लोकर दिली तरी दोघींचे चौकोन सारखे येत नाहीत. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. वीस टाक्यांमागे अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी मीटरभरात तो चांगलाच जाणवतो. मग सैल हाताच्या बाईने चार मिलिमीटरची सुई ठेवून साडेतीनची घ्यायची. घट्ट हात असेल तर कडेने खांबांची एखादी ओळ वाढवायची. माप टेपने बघायचं, तेही चौकोन न ताणता, सपाट ठेवून. हे सगळं गटातल्याच बायका एकमेकींना फोटोवरून समजावत. रात्री अकराला विचारलेल्या शंकेला सकाळच्या चहापर्यंत चार उत्तरं आलेली असत. ज्या बाईने आजवर घरच्यांसाठी रुमाल नि तोरणं विणली होती, तिच्या हाताची पारख करणाऱ्या इतक्या जणी एकदम भेटल्या. हा आनंद मी दुसऱ्या कुठल्या कामात अनुभवलेला नाही.

भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं, ती आली नाही. कुणी तमिळ, कुणी मराठी, कुणी गुजराती, पण नमुन्याचा तक्ता सगळ्यांना वाचता येतो. त्यात लांबट गोल म्हणजे साखळी. टी अक्षरासारखी खूण आणि तिच्या दांडीवर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. दोन रेघा असल्या तर सुईवर धागा दोनदा घ्यायचा, खांब तितका उंच होतो. तेवढं ओळखता आलं की कुठल्याही देशातल्या बाईने काढलेली वीण उचलता येते.

डिसेंबर २०१५च्या पहिल्या आठवड्यात चेन्नई पुराने वेढली. विमानतळ बंद, रेल्वे ठप्प. पार्सलं कुठे अडकली याची काळजी मागेच पडली. जिच्याशी रोज टाक्यांबद्दल बोलायचो, ती घरात सुखरूप आहे का, हा प्रश्न आधी होता. आम्ही एकमेकींना कधी पाहिलंही नव्हतं. त्या दिवसांत गटाचं रूप पालटलं, असं मला आजही वाटतं. पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच शहरात ते ब्लँकेट उभं राहिलं.

विक्रमानंतर जोड उसवून चौकोन गरजूंना वाटले गेले. २०१७मध्ये याच गटाने चौदा किलोमीटरांहून लांब स्कार्फ विणला, २०१८मध्ये क्रोशाच्या हजारो छोट्या आकृत्या मांडल्या. मला मात्र पहिल्या ब्लँकेटचंच अप्रूप जास्त, कारण तेव्हा हे जमेल याची कुणालाच खात्री नव्हती.

तुमच्या कपाटात सुई आणि उरलेल्या लोकरीचे गुंडे असतील, तर अशा एखाद्या सामूहिक कामात जरूर सामील व्हा. सुरुवातीलाच माप, सुईचा नंबर आणि लोकरीचा प्रकार विचारून घ्या, पाठवायची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा आणि एक चौकोन नक्की पुरा करा.