पूर ओसरल्यावर यादीत नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, पावसाळा तोंडावर आला की आपली किती लगबग चालते! कौलं शाकारायची, डाळी-तांदळाला ऊन दाखवून डबे भरायचे, वाळवणं आटपायची. उत्तर बिहारमधल्या कोसी नदीकाठची गृहिणीही हेच करते. पण तिचं आणखी एक काम असतं. चुडा (म्हणजे आपले पोहे), सत्तू, गूळ, मीठ आणि काडेपेटी ती हाताशी, उंचावर बांधून ठेवते. पाणी घरात शिरलं तर चूल पेटणार नाही, हे तिला ठाऊक असतं.

कोसी येते नेपाळातून. हिमालयातली माती, वाळू घेऊन ती सपाटीवर उतरते आणि गाळ साचला की पात्र बदलते. 'बिहारचा शोक' हे नाव तिला उगाच नाही पडलं. तिला आवरायला 1950च्या दशकात दोन्ही काठांना मातीचे लांबलचक बांध घातले. पण 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळातल्या कुसहा इथे पूर्वेकडचा बांध फुटला. बांध साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी बांधलेला. त्या दिवशी नदीत त्याच्या पाव हिस्साही पाणी नव्हतं! नदी आपल्या जुन्या वाटेनं सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांत घुसली. तिथल्या कितीतरी गावांनी अनेक वर्षांत पूर पाहिलाच नव्हता. ना घरात होडी, ना मनाची तयारी. तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ बसली.

मदत आली, पण कशी?

पंतप्रधानांनी ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचं सांगून 1,000 कोटी रुपये आणि सव्वा लाख टन धान्य जाहीर केलं. त्याआधी 2007च्या पुरात राज्य सरकारनं घरटी एक क्विंटल धान्य दिलं होतं. त्यावरून मुख्यमंत्री नीतीश कुमारांना लोक कौतुकानं 'क्विंटलिया बाबा' म्हणू लागले. पुढे 2010 मध्ये जागतिक बँकेनं 22 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि पडलेली घरं उभी करायचं काम सुरू झालं. घरमालकानं स्वतःच बांधायचं, सरकारनं हप्त्यानं 55,000 रुपये द्यायचे, अशी योजना होती. कल्पना चांगली. ज्याचं घर त्यानं बांधलं की विटा कशा, बांबू कुठला, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण दोन लाखांवर घरं पडली होती आणि बांधून झाली त्या मानानं थोडी. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांनी घर उभारायचं कुठं, हा प्रश्नही होताच.

आता धान्याऐवजी पैसे थेट बँकेत येतात. 2024च्या सप्टेंबरअखेर बीरपूरच्या बंधाऱ्यातून 6.61 लाख क्युसेक पाणी सुटलं. 1968 नंतरचं हे सर्वांत जास्त! दरभंगा जिल्ह्यात पश्चिमेकडचा बांध फुटला. त्या वर्षी पूरग्रस्त कुटुंबाला 7,000 रुपये मिळाले. पंचायतीच्या पातळीवरची समिती नावं तपासते, मग आधार आणि खातं जुळलं की रक्कम जमा होते. मधल्या मध्ये खाणाऱ्याला जागा कमी, हे खरंच.

पण ती काय करते?

इथेच खरी गोम आहे. या भागातले पुरुष मोठ्या संख्येनं पंजाबात, दिल्लीत, मुंबईत मजुरीला गेलेले असतात. पूर आला की म्हातारी सासू, लेकरं, गाय आणि शेळी यांना घेऊन बांधावर जाऊन बसते ती घरची बाई. ताडपत्रीखाली दिवस काढते ती. यादी करायला माणूस आला की त्याच्यापुढे उभी राहते तीच. आणि खातं? ते नवऱ्याच्या नावचं असलं की पैसे येतात ते दूरच्या गावी बसलेल्याच्या हाती. आधारकार्ड पाण्यात गेलं असेल, खातं बंद पडलं असेल, नावात एक अक्षर चुकलं असेल, तर रक्कम अडलीच म्हणून समजा.

दोन बांधांच्या मध्ये राहणाऱ्यांची कथा तर न्यारीच. तिथं शेकडो गावं आहेत. बांधामुळे बाहेरचे वाचतात आणि आतल्यांच्या दारात दरवर्षी पाणी. शेत कापलं जातं, घर हलवावं लागतं. एका वर्षाच्या 7,000 रुपयांनी दर वर्षीचं नुकसान कसं भरून यावं?

आपल्यालाही हे हवंच

म्हणाल, बिहारचं आपल्याला काय? अहो, सांगली-कोल्हापूरनं 2019 मध्ये आणि महाड-चिपळूणनं 2021 मध्ये हेच सोसलं. आणि केंद्राचे मदतीचे दर सगळ्या देशाला सारखेच. 2022 साली ठरलेल्या दरांप्रमाणे सपाटीवरचं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये, दुभती गाय-म्हैस गेली तर 37,500, शेळीचे 4,000, भांड्यांसाठी 2,500 आणि कपड्यांसाठी 2,500. पण पंचनाम्यात नोंद नसेल तर यातलं काहीच नाही.

म्हणून या पावसाळ्याआधी एवढं करा:

• आधार, रेशनकार्ड, पासबुक, घराची कागदपत्रं एका घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून एक प्रत माहेरी किंवा बहिणीकडे पाठवा.

• स्वतःच्या नावचं बँक खातं चालू ठेवा. आधारवरचं आणि पासबुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते पाहा.

• 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्रीच असते. आपल्या कार्डावर कुणाचं नाव आहे?

• नुकसान झालंच, तर चिखल काढण्याआधी फोटो घ्या. पंचनामा होताना समोर उभ्या राहा आणि काय लिहिलं ते वाचून घ्या.

कोसीकाठची बाई पोह्यांचं गाठोडं बांधताना आता त्यात कागदांची पिशवीही ठेवू लागली, तर तिचा अर्धा झगडा वाचेल. आणि आपलाही. मदत सरकारनं द्यायचीच आहे, तो काही उपकार नव्हे. पण ती आपल्या दारात थांबावी, यासाठी दारावर आपलंही नाव असलं पाहिजे.