होडी रस्त्याने निघते तेव्हा

पाण्यावर डुलणारी होडी तुम्ही पाहिली असेल. उर्दूत आपण तिला कश्ती म्हणतो. कश्तीचा लंगर मराठीत ‘नांगर’ होतो आणि शेतकऱ्याचा हलही नांगरच होतो. तेव्हा या शब्दाने गोंधळून जाऊ नका. आज मात्र आपल्याला नांगराचे काम नाही. आपली होडी पाण्यात नाही, ती रस्त्यावर आहे.

होडी रस्त्यावर कशाला येईल, असे तुम्ही विचाराल. पूर आला की ज्या गावात होडी नाही तिथे ती बाहेरून आणावी लागते. २०२१ च्या जुलै महिन्यात वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा घराघरांच्या वरच्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांना होड्यांतूनच बाहेर काढले गेले. रबरी होडीतली हवा काढून तिची घडी करता येते आणि ती ट्रकमध्ये टाकता येते. फायबरच्या टणक होडीची घडी कशी करणार? तिला ट्रेलर लागतो.

हा ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचा लोखंडी सांगाडा. त्याच्या पुढे एक लांब दांडा असतो. दांड्याच्या टोकाला लोखंडी वाटी असते आणि ती जीपच्या मागच्या गोळ्यावर बसते. सांगाड्यावर दोन लांब लाकडी फळ्या असतात. त्यांवर होडीचा तळ टेकतो. आता दांड्यावर पाहा. तिथे एक आखूड खांब उभा आहे. त्याच्यावर विंच बसवलेला असतो. होडी ट्रेलरवर ओढून घेणारा तो हाच खांब. त्याच्या वरच्या बाजूला एक रबरी ठोकळा असतो. होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, या ठोकळ्याला येऊन टेकते.

विंच हे नाव नवे वाटले तरी वस्तू जुनीच आहे. विहिरीवरचा रहाट आठवा. हाताने दांडी फिरवायची, दोर गुंडाळला जातो आणि बादली वर येते. विंचमध्ये बादलीच्या जागी होडी असते, एवढाच फरक. समजा, विंचची दांडी २४ सेंटिमीटर लांब आहे आणि पट्टा ज्या रिळावर गुंडाळला जातो त्याची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे. मग तुमचे बल ८ पट होते. मध्ये दातेरी चाके बसवून ते आणखी ४ पट केले तर एकूण ३२ पट! थोडे बल घर्षणात जाते हे खरे, पण एकटा माणूस जड होडी ओढू शकतो तो यामुळेच. एक गंमत मात्र लक्षात घ्या. पट्ट्याचे थर रिळावर चढत जातात तशी त्रिज्या वाढते. ती ६ सेंटिमीटर झाली की बल निम्मे होते. म्हणून शेवटचे दोन हात ओढताना दांडी जड लागते.

रिळाच्या बाजूला एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी असते. खिटीमुळे रीळ उलटे फिरत नाही. होडीचा भार पट्ट्यावर असताना दांडी न धरता ही खिटी उचलली, तर दांडी गरागरा उलटी फिरते आणि मनगट मोडू शकते. तिथे थट्टा चालत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हा खांब दांड्याला वितळवून जोडलेला नसतो. तो यू-बोल्टने आवळलेला असतो, म्हणजे तो पुढेमागे सरकवता येतो. का बरे? कारण प्रत्येक होडीची लांबी आणि गुरुत्वमध्य वेगळा असतो. खांब सरकवला की होडी सरकते आणि जीपच्या गोळ्यावर येणारे वजन बदलते.

विज्ञानात तुम्ही तरफ शिकला आहात. ट्रेलर ही तरफच आहे. चाकांचा आस हा तिचा टेकू. समजा, होडी ६०० किलोग्रॅम आणि ट्रेलर २०० किलोग्रॅम, एकूण ८००. आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर ४ मीटर. गोळ्यावर ४० किलोग्रॅम वजन आहे, म्हणजे एकूण वजनाच्या ५ टक्के. आता होडी १० सेंटिमीटर पुढे घेतली. ६०० ला ०.१० ने गुणा आणि ४ ने भागा. उत्तर आले १५. म्हणजे गोळ्यावरचे वजन ५५ झाले. तीच होडी मूळ जागेपासून २० सेंटिमीटर मागे गेली तर ३० किलोग्रॅम कमी होऊन फक्त १० उरतील!

होडीच्या ट्रेलरला साधारण ५ ते १० टक्के वजन पुढे असावे लागते. ते फार कमी झाले तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि जीपलाही ओढत नेतो. फार जास्त झाले तर जीपची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि ती नीट वळत नाहीत. त्याचबरोबर होडीची मागची कड फळ्यांच्या टोकापर्यंत टेकलेली हवी. ती बाहेर लोंबकळत राहिली तर तळ हळूहळू वाकतो.

मग खांब सरकवायचा कसा? ट्रेलर सपाट जमिनीवर घ्यावा, जीपला जोडलेलाच ठेवावा. सोडलेला ट्रेलर वजन मागे जाताच मागे उलटतो. चाकांना दगड लावावेत. होडी मागून पट्ट्यांनी बांधलेली असावी. उतारावर, होडीचा भार खांबावर असताना, नट मुळीच सैल करू नयेत. जुन्या जागेवर खडूने खूण करावी, खांब दोन बोटे सरकवावा, होडी पुन्हा ठोकळ्याला टेकवावी आणि वजन पाहावे. यासाठी धान्याचा काटाही चालतो. नट आवळताना यू-बोल्टचे दोन्ही पाय आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक पाय आधीच पूर्ण आवळला तर बोल्ट तिरपा बसतो आणि घट्ट वाटूनही घट्ट नसतो.

उंचीही पाहावी लागते. नाळेवर एक कडी असते. रबरी ठोकळा या कडीच्या वर यायला हवा, कडी त्याच्या खाली घट्ट बसायला हवी. ठोकळा खाली असेल तर धक्क्याने नाळ उसळून त्याच्यावर चढते.

एकदा घाटात आमच्या एस.टी.च्या पुढे होडी घेतलेली एक जीप चालली होती. वळणावर चालकाने जोरात ब्रेक लावला. जीप थांबली, पण जडत्वामुळे होडी थांबली नाही. सैल खांबासकट ती चार बोटे पुढे सरकली. सगळे उतरून पाहू लागले. चालकाचा चेहरा पांढरा पडला होता. होडी वाचली ती एका साखळीमुळे. ती साखळी नाळेच्या कडीतून थेट दांड्याला बांधलेली होती. खांबाला बांधली असती तर ती खांबाबरोबरच सरकली असती. विंचचा पट्टा होडी ओढण्यासाठी असतो. रस्त्यावर तिला धरून ठेवायला ही साखळी आणि मागचे दोन पट्टे लागतात.

त्या चालकाने तिथेच पाना काढला, होडी मागे घेऊन खांब जागेवर आणला आणि नट आवळले. मग खांब आणि दांडा यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढली. खांब केसभर सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरनंतर तो पुन्हा थांबला. आमची एस.टी. त्याला ओलांडून पुढे गेली, तेव्हा तो वाकून रेघ पाहत होता.