दुर्बिणीचे ऑपरेशन फक्त पैसेवाल्यांचे नाही

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवले, की आपल्या वस्त्यांतून एकच उत्तर येते, "ते मोठ्या लोकांचे, आपल्याला कुठे परवडते?" म्हणूनच आम्ही सांगतो, हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा झाले ते मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. सर्जन होते डॉ. तेहमटन उडवाडिया.

डॉ. उडवाडिया जे. जे. मध्ये शस्त्रक्रिया शिकवत. १९७२ पासून ते तिथे पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरत होते. तेव्हा सोनोग्राफी, सीटी स्कॅन सहज मिळत नव्हते. बेंबीजवळच्या लहान छिद्रातून यकृत प्रत्यक्ष पाहायचे, गरज असल्यास तपासणीसाठी तुकडा घ्यायचा, आणि निदानासाठी पोट उघडणे टाळायचे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि पाचच वर्षांत ते तंत्र जे. जे. मध्ये आले.

पित्ताशय यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेले असते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारे आत जातात. पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात आणि पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढतात.

जुन्या पद्धतीत बरगडीखाली मोठा छेद असे. जखम भरेपर्यंत कित्येक आठवडे काम बंद. दुर्बिणीने बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पगारी रजा असलेल्याला हा फरक सोयीचा वाटेल, पण पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड जोडीतली बाई बसली की खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. या तंत्राचा खरा फायदा गरीब रुग्णाला आहे, हे डॉ. उडवाडियांनी सतत मांडले. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपण काय करायचे? सोनोग्राफीत खडे दिसले पण त्रास काहीच नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. उजव्या बरगडीखाली वारंवार कळा येत असतील तर सर्जनना दाखवा. ताप किंवा कावीळ असेल तर एक दिवसही थांबू नका. ऑपरेशन ठरल्यावर विचारा: "अशी किती ऑपरेशने तुम्ही केली आहेत?" पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका थोडा पण गंभीर असतो. मध्येच पोट उघडावे लागले, तर ते अपयश नव्हे. जड मोळी कधी उचलायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पैशाअभावी परत फिरू नका. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. आपले ऑपरेशन योजनेत कुठे बसते, ते स्पष्ट विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात सुरू झालेली ही विद्या आपल्याही हक्काची आहे.