गोट्यांचे नियम कोण ठरवतं?

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांपुढे गोट्या घेऊन बसत आणि ‘मला खेळायला शिकव’ म्हणत. १९३२ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात या गप्पा आहेत. सहा-सात वर्षांच्या पोरांना वाटे, नियम मोठ्यांनी केलेत, ते बदलायचे नसतात. गंमत म्हणजे खेळताना तीच पोरं ते सर्रास मोडत! दहाच्या पुढची मुलं मात्र म्हणत, सगळ्यांना पटलं तर बदलू की.

हा बदल कशाने होतो? पियाजेंच्या मते, बरोबरीच्या सोबत्यांमुळे. आईबाबांपुढे मूल लहानच. त्यांचं ऐकायचं, नाहीतर भोकाड पसरायचं. मित्रापुढे दोन्ही चालत नाही. त्याला पटवावं लागतं, नाहीतर तो बॅट उचलून घरी जातो.

सोसायटीच्या पार्किंगमधलं क्रिकेट पाहा. एक टप्पा आउट, गाडीला बॉल लागला तर बाद, आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ कच्चा लिंबू: तो आउट झाला तरी त्याची बॅटिंग चालूच. यातलं एकही कलम कुणा मोठ्या माणसाने घालून दिलेलं नसतं.

पियाजेंनी घरच्या नात्यांना जरा कमीच लेखलं, असं मला वाटतं. समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय बहुधा घरातच लागते. तरीही गॅलरीतून ‘भांडू नका रे’ असं ओरडण्याआधी थोडं थांबावं. हातघाईवर आलं किंवा रोज एकालाच वगळत असतील, तर मात्र खाली उतरावं.