आकड्यांमागचं गणित, लेखांक ९ : वक्राखालची जागा आणि मोसमी पाऊस

दर एप्रिलमध्ये हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात एकच आकडा झळकतो : दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के पाऊस. पण त्याच निवेदनात एक छोटा तक्ताही असतो. त्यात पावसाचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटापुढे दोन टक्केवाऱ्या असतात. एक यंदाच्या अंदाजाची, दुसरी जुन्या नोंदींवरून काढलेली नेहमीची. माझ्या मते मथळ्यापेक्षा हा तक्ता कितीतरी मोलाचा आहे. तो समजून घ्यायला गेल्या आठवड्यात पाहिलेलं झेड-मूल्य पुरेसं आहे. फक्त त्याला क्षेत्रफळाची जोड द्यायची.

आधी सामग्री पाहू. १९७१ ते २०२० या काळातल्या नोंदींनुसार जून ते सप्टेंबरमध्ये देशभरात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. प्रमाण विचलन या सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. १२२ दिवसांचा आणि साऱ्या देशाचा पाऊस एकत्र केलेला असल्यामुळे हे वार्षिक आकडे प्रसामान्य वक्राच्या बरेच जवळ जातात. सरासरीला १०० म्हटलं की प्रमाण विचलन १० होतं. तोंडी हिशेब करायला याहून सोयीची जोडी मिळणार नाही.

९० टक्क्यांहून कमी पाऊस झाला तर विभाग त्या वर्षाला ‘अपुरा’ या गटात टाकतो. असं वर्ष येण्याची शक्यता किती? वक्राची उंची मोजून हे उत्तर मिळत नाही. पाऊस नेमका ९० टक्के, दशांशाच्या शेवटच्या स्थानापर्यंत ९०, होण्याची शक्यता शून्यच धरावी लागते, कारण नुसत्या रेषेला रुंदी नसते. शक्यता असते ती पट्ट्याला. वक्राखालची एकूण जागा १ मानायची आणि आपल्या पट्ट्यानं त्यातली किती व्यापली ते पाहायचं. ९० चं झेड-मूल्य (९० − १००) ÷ १० म्हणजे −१. आता प्रश्न एवढाच उरतो की −१ च्या डावीकडे किती जागा आहे.

ती जागा मोजायला सरळ सूत्र नाही. या वक्राचं संकलन नेहमीच्या फलनांच्या भाषेत लिहिताच येत नाही, म्हणून क्षेत्रफळं आकडेमोडीनं काढून कोष्टकात मांडावी लागली. असं पहिलं कोष्टक स्ट्रासबुर्गच्या क्रिस्तियां क्रांप यांनी १७९९ मध्ये छापलं. त्यांना संभाव्यतेशी काही देणंघेणं नव्हतं. वातावरणातून येताना ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो, याचा हिशेब करताना त्यांना हेच संकलन लागलं होतं. क्रमगुणितासाठी आज आपण जे उद्गारचिन्ह वापरतो, तेही क्रांप यांनीच रूढ केलं.

कोष्टक वाचताना उभ्या रकान्यात झेडचा पहिला दशांश पाहायचा, आडव्या ओळीत दुसरा. इथं विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण कोष्टकं दोन प्रकारची असतात. एकात क्षेत्रफळ मध्यापासून मोजलेलं असतं, दुसऱ्यात डाव्या टोकापासून. झेड १ असेल तर पहिल्यात ०.३४१३ मिळतं, दुसऱ्यात ०.८४१३. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून कोष्टकाच्या डोक्यावरची छोटी आकृती आधी पाहावी आणि कागदावर आपला वक्र काढून हवी ती जागा रेघांनी भरावी. हे चित्र मी अजूनही काढतो आणि कुणी ते बालिश म्हटलं तर मला पटत नाही. जागा डोळ्यांसमोर आली की बेरीज करायची की वजाबाकी, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आपण मध्यापासूनचं कोष्टक घेऊ. मध्यापासून १ पर्यंतची जागा ०.३४१३. वक्राच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे −१ पर्यंतही तेवढीच. डावा अर्धा भाग ०.५. त्यातून ०.३४१३ वजा केले की उरतात ०.१५८७, म्हणजे जवळपास १६ टक्के. विभागाच्या तक्त्यात ‘अपुरा’ गटाची नेहमीची शक्यता १६ टक्केच दिलेली असते.

‘सर्वसाधारण’ गट ९६ ते १०४ टक्क्यांचा. झेड −०.४ ते ०.४. मध्यापासून ०.४ पर्यंत ०.१५५४, दुप्पट केलं की ३१.१ टक्के. तक्त्यात मात्र ३३ आहेत. थोडा फरक गटांच्या कडांमुळे पडतो. आकडे पूर्णांकात घेतले तर ९५.५ पासून १०४.५ पर्यंतचा पाऊस याच गटात येतो आणि तसा हिशेब केला की ३४.७ टक्के निघतात. ३३ या दोहोंच्या मधे बसतात. म्हणजे तीन वर्षांपैकी जेमतेम एक वर्ष ‘सर्वसाधारण’ असतं. ‘यंदा पाऊस सरासरीइतका नाही’ ही तक्रार ऐकताना हे ध्यानात असलेलं बरं.

वक्राच्या टोकाला काय होतं? ८० टक्क्यांहून कमी पाऊस म्हणजे झेड −२ च्या डावीकडे. ०.५ मधून ०.४७७२ गेले, उरले ०.०२२८. १९०१ ते २०२४ या १२४ वर्षांत अशी सुमारे २.८ वर्षं अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात तीन आली : १९१८, १९७२ आणि २००९. त्यातलं १९७२ महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या ७६ टक्क्यांवर अडकला. झेड −२.४, डावीकडची जागा ०.००८२. साधारण १२० वर्षांतून एकदा यावं असं ते वर्ष होतं. पण १९१८ त्याहून कोरडं होतं आणि दोघांत अंतर होतं ५४ वर्षांचं. क्षेत्रफळ वारंवारता सांगतं, पाळी सांगत नाही. एकदा दुष्काळ पडला म्हणजे पुढची शंभर वर्षं निर्धास्त, असा अर्थ त्यातून काढणं घातक आहे.

आता २०२४ चा एप्रिल पाहू. अंदाज होता १०६ टक्क्यांचा, चूक ५ टक्के अधिक-उणे. तक्त्यात ‘अपुरा’ गटाची शक्यता होती २ टक्के. हे २ नुसते वाचून फारसं काही कळत नाही. शेजारचे १६ पाहिले की कळतं : दुष्काळी वर्षाचा धोका नेहमीच्या आठव्या हिश्शावर आला होता. सर्वांत वरच्या, ११० टक्क्यांपुढच्या गटाची शक्यता १७ वरून ३० वर गेली होती. प्रत्यक्षात त्या वर्षी सुमारे १०८ टक्के पाऊस झाला. विमा, धरणातल्या पाण्याचं नियोजन, बियाण्यांची तयारी या साऱ्यांसाठी १६ चे २ होणं ही खरी बातमी आहे. ती मथळ्याखाली दडून राहते, याचं मला वाईट वाटतं. हा दीर्घ पल्ल्याचा अंदाज पुण्यातच तयार होतो. विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते.

एक सावधगिरी मात्र हवीच. हीच रीत एखाद्या तालुक्याच्या एका दिवसाच्या पावसाला लावू नका. तिथं बहुतेक दिवस शून्याचे असतात आणि एखादाच दिवस धो धो कोसळतो. पाऊस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे वक्र डावीकडे थबकतो आणि उजवीकडे लांब शेपूट काढतो. महिन्याच्या पावसातही ही वाकडी चाल बरीचशी उरते. त्यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तोड सुचवली : आधी पावसाला गॅमा वितरण बसवायचं, त्यावरून डावीकडची जागा काढायची आणि तेवढीच जागा प्रसामान्य वक्रावर कोणत्या झेडपाशी मिळते ते शोधायचं. दुष्काळ मोजण्याचा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक असा निघतो. तो −२ च्या खाली गेला की दुष्काळ अतितीव्र मानतात.

इथं कोष्टक उलट दिशेनं वाचावं लागतं : जागा माहीत असते, झेड शोधायचं असतं. पुढच्या लेखांकात तेच करायचं आहे. तोवर हे सोडवून ठेवा : देशाचा पाऊस किती टक्क्यांच्या खाली गेला, तर ते वर्ष सर्वांत कोरड्या दहा टक्के वर्षांत मोडेल?