पाठ ताठ नको, जागी हवी

माहुलच्या सात मजली इमारतींत लिफ्ट बंद पडली की पाण्याचे हंडे जिन्यानेच वर न्यावे लागतात. कंबर धरते. मग घरातले बजावतात, ‘ताठ बस!’ पण जोराने ताठ केलेली पाठ थोड्याच वेळात दमते आणि पुन्हा वाकते.

मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) हे पदार्थवैज्ञानिक आणि ज्युदोपटू होते. गुडघा दुखावल्यावर त्यांनी स्वतःच्या हालचाली बारकाईने न्याहाळल्या आणि त्यातून एक पद्धत घडवली. तिचे सार असे: जोर कमी, लक्ष जास्त. जोर कमी केला की विनाकारण आवळलेला स्नायू जाणवतो. जाणवला की सैल सोडता येतो.

इशाच्या नमाजनंतर चटईवर उताणे पडा. गुडघे वाकवून तळवे जमिनीला टेकवा. कंबर हळूच चटईकडे न्या, मग सोडा. आठ-दहा वेळा पुरे. श्वास रोखू नका. दुखेल तिथे थांबा. शेवटी पाय पसरून पाहा, पाठ आता कुठेकुठे टेकते?

रुकू-सजद्यात घाई न करता अंग स्थिरावू द्यायचे, हे आपण लहानपणीच शिकलो. तेच लक्ष हंडा उचलताना ठेवू या: गुडघ्यांत वाकून, हंडा अंगाजवळ धरून.

मात्र पाय बधिर पडला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर चटई नको. लगेच डॉक्टर गाठा. शिक्षक म्हणून आम्ही एवढेच सांगू: शरीराला दटावण्याआधी त्याचे ऐकून घ्या.