मुखवट्याविना प्रीती, जगण्याचे शहाणपण

विशेष प्रतिनिधी

चर्चमधील विवाहविधीत वधू-वर वेदीसमोर उभे असताना बायबलमधील एक उतारा अनेकदा वाचला जातो. प्रीतीची सहनशीलता, तिचा दयाळूपणा आणि तिला ठाऊक नसलेला हेवा यांविषयीचा हा उतारा म्हणजे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. शुभेच्छापत्रांवर तो छापला जातो, ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत तसबिरीत लावलेला दिसतो. मात्र हा मजकूर लग्नासाठी लिहिला गेला नव्हता. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेल्या माणसांची कानउघाडणी करण्यासाठी तो लिहिला गेला. हा संदर्भ लक्षात घेतला की, बायबलला अभिप्रेत असलेली प्रीती आणि शहाणपण रोजच्या जगण्यात कुठे शोधायचे, याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते.

भांडणाऱ्या मंडळीला पत्र

करिंथ हे ग्रीसमधील व्यापारी शहर. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केले आणि पुढे ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या आदेशाने तेथे नवी वसाहत उभी राहिली. दोन बंदरांमुळे पैसा आला आणि नवश्रीमंतीबरोबर प्रतिष्ठेची चढाओढही आली. पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास येथील लहानशा ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिले, तेव्हा मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचे नाव घेत होते, कोणी अपुल्लोसाचे, कोणी पेत्राचे. सभासद एकमेकांना न्यायालयात खेचत होते. सर्वांनी मिळून घ्यावयाच्या प्रभुभोजनालाही काही जण पोटभर जेवून मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. आपल्याला लाभलेले आध्यात्मिक दान इतरांपेक्षा श्रेष्ठ, असा अहंकारही काहींना झाला होता.

या पार्श्वभूमीवर तेरावा अध्याय वाचला की, त्यातील गोडवा मागे पडून धार जाणवू लागते. प्रीती फुशारकी मारत नाही, असे पौल सांगतो, तेव्हा फुशारकी मारणारे समोर बसलेले असतात. मूळ ग्रीक भाषेत चार ते सात या ओव्यांमध्ये प्रीतीचे वर्णन विशेषणांनी केलेले नाही. तेथे एकापाठोपाठ पंधरा क्रियापदे येतात. प्रीती कशी आहे यापेक्षा ती काय करते आणि काय करीत नाही, हे पौलाला सांगायचे आहे. त्यांतील एक क्रियापद तर जमाखर्चाच्या वहीतले आहे. दुसऱ्याने केलेल्या अपकारांची नोंद प्रीती ठेवत नाही, असा त्याचा आशय. जुन्या उखाळ्यापाखाळ्या ज्या घरात वर्षानुवर्षे निघत असतात, त्या घराला या एका शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नाटकातून आलेला शब्द

पौलाने रोममधील ख्रिस्ती जनांना लिहिलेले पत्र यानंतरचे, इसवी सन ५७ च्या आसपासचे. ते त्याने करिंथ येथूनच लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या बाराव्या अध्यायात प्रीतीविषयीच्या उपदेशाच्या आरंभीच त्याने ‘अनुपोक्रितोस’ असा शब्द योजला आहे. ग्रीक भाषेत ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगभूमीवरील नट. ग्रीक नट मुखवटा लावून भूमिका करीत. पुढे याच शब्दाला ‘ढोंगी’ असा अर्थ चिकटला. त्यामुळे पौलाच्या सांगण्याचा आशय असा की, प्रीती हवी, परंतु ती वठवलेली नको. तोंडावर हसू आणि मनात अढी, ही भूमिका माणूस कितीही सफाईने करो, ती प्रीती नव्हे.

हाच शब्द नव्या करारात आणखी एका महत्त्वाच्या जागी येतो. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात देवाकडून येणाऱ्या शहाणपणाची लक्षणे सांगितली आहेत. ते शुद्ध असते, शांतीप्रिय असते, सौम्य असते, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारे असते, दयेने भरलेले आणि पक्षपात न करणारे असते. या यादीतील शेवटचा शब्द पुन्हा ‘अनुपोक्रितोस’ हाच आहे. म्हणजे खऱ्या प्रीतीला जी कसोटी, तीच खऱ्या शहाणपणालाही. आपण एरवी बुद्धीचे एक खाते आणि भावनेचे दुसरे असे समजतो. बायबलमध्ये ही दोन खाती वेगळी नाहीत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर, तुमची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने वाढत जावो, अशी प्रार्थनाच पौल करतो.

शहाणपण म्हणजे कसब

जुन्या करारात शहाणपणासाठी ‘होखमा’ हा हिब्रू शब्द आहे. निर्गम या पुस्तकात उपासनेचा मंडप उभारणाऱ्या बसालेल या कारागिराच्या अंगी ‘होखमा’ होती, असा उल्लेख येतो. सोने, चांदी, लाकूड हाताळण्याचे कौशल्य हेही शहाणपणच. त्यावरून बायबलच्या दृष्टीने शहाणपण म्हणजे पाठांतर नव्हे किंवा पदवीही नव्हे, तर जगण्याचे कसब आहे, हे ध्यानात येते. राजा शलमोनाची कथाही याच दिशेने जाते. देवाने वर मागायला सांगितल्यावर त्याने दीर्घायुष्य किंवा संपत्ती मागितली नाही. त्याने मागितलेल्या वराचा मूळ हिब्रूतील शब्दशः अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा आहे.

नीतिसूत्रे हे पुस्तक या कसबाची जणू कार्यशाळा आहे. त्यातील विषय अगदी घरगुती आणि बाजारातले आहेत. सौम्य उत्तराने राग निवळतो; पूर्ण ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा; खोटी वजनमापे देवाला खपत नाहीत. आजच्या शहरी वाचकाने वजनमापांच्या जागी खोटी बिले किंवा हाताखालच्या माणसाला उशिरा दिलेला पगार ठेवून पाहावा. गृहनिर्माण सोसायटीची सभा, कार्यालयातील ई-मेल, कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह या ठिकाणी ऐकण्याआधी उत्तर देण्याची घाई रोज पाहायला मिळते.

याच पुस्तकात, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्यावे, तहानलेला असेल तर पाणी द्यावे, असेही सूत्र आहे. रोमकरांस लिहिताना, सोंग नसलेल्या प्रीतीचा उपदेश संपवताना पौल नेमके हेच सूत्र उद्धृत करतो. जुने शहाणपण आणि नवी प्रीती यांची गाठ तेथे भुकेल्याच्या ताटाशी पडते. भावना आधी शुद्ध होऊ दे, मग मदत करू, असा क्रम बायबल लावत नाही. मनातील कटुता अजून गेली नसतानाही अन्न देता येते. मन पुढे हळूहळू हाताच्या मागे येते. हे सोंग नव्हे काय, असा प्रश्न पडू शकतो. फरक हेतूचा आहे. नट प्रेक्षकांसाठी मुखवटा लावतो. येथे कोणी पाहत नसतानाही दुसऱ्याचे हित साधायचे असते.

खुर्ची कोणाला?

याकोबाने आपल्या पत्रात एक प्रसंग रंगवला आहे. सभेत बोटात सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो. त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यांतला गरीब येतो. त्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगतात. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला काहीही न देता केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावण्याचाही याकोबाने समाचार घेतला आहे.

महाराष्ट्रात या उपदेशाचा अर्थ काहींनी आयुष्य पणाला लावून शोधला. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी दुष्काळातील भटकंतीत आई-वडील गमावले होते. इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणले. ‘मुक्ती’मध्ये या स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, तसेच शेती, विणकाम आणि छपाईही शिकल्या. सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे, म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अनुवाद केला. त्याचे खिळे जुळवणारे हातही मुक्तीतील स्त्रियांचेच होते. त्यांच्या बाबतीत शहाणपण आणि प्रीती ही एकाच कामाची दोन नावे होती.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्यांच्या मनात जातिभेदाविषयी विचार सुरू झाला. जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, या निष्कर्षाला त्या आल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे प्रांजळपणे सांगितले आहे. विशेष असे की, हा बदल त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा. धर्माचे नाव बदलण्यापूर्वी स्वयंपाकघरातील व्यवहार बदलला.

याकोबाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चच्या अंतरंगातही जातिभेद शिल्लक असल्याची कबुली त्यात होती. मानाची खुर्ची कोणाला, हा प्रश्न पहिल्या शतकाइतकाच आजचाही आहे.

सहन किती करायचे?

प्रीती सर्व काही सहन करते, या वचनाचा एक घातक वापरही होत आला आहे. पतीची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला, तुझी प्रीती कमी पडते, असे सांगितले जाते. विवेकाशिवाय प्रीती ही कोणाच्या तरी जुलमाची ढाल होते, ती अशी. त्याच अध्यायात, प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, ती सत्याच्या बाजूने उभी राहते, असेही म्हटले आहे. हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबजीवनावरील ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या प्रबोधपत्रात या अध्यायाचे शब्दशः विवेचन केले. त्याच पत्रात, हिंसा किंवा सततचा छळ असेल तेथे विभक्त होणे अटळ, प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे त्यांनी मान्य केले. क्षमा करणे म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. अपकारांची वही फाडता येते, पण त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवायची नाही, असा अर्थ कोठेही निघत नाही.

रोजच्या दिनक्रमात

हे सारे आचरणात कसे आणावे, यासाठी ख्रिस्ती परंपरेत काही साधे मार्ग रूढ आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस. म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचण्याची पद्धत अनेक घरांत आहे. सोळाव्या शतकात येशूसंघाची स्थापना करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणावर भर दिला. दिवसभरात कृतज्ञ राहावे असे काय घडले, आपण कुठे चुकलो आणि उद्या काय सुधारायचे, एवढेच त्यात पाहायचे. त्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. आणखी एक रीत आहे, ती जरा अवघड. करिंथकरांच्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती’ या शब्दाच्या जागी स्वतःचे नाव घालून तो वाचायचा. दुसऱ्या-तिसऱ्या ओवीपर्यंतच बहुतेकांचा आवाज खाली येतो.

हा संकोच शुभच मानावा लागेल. आपण कुठे मुखवटा लावला आहे, हे त्याक्षणी कळते, आणि कळल्यावर तो उतरवण्याची सुरुवात करता येते. त्यासाठी मोठ्या प्रसंगाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या नातेवाइकाशी अबोला आहे त्याला केलेला एक फोन, घरकामाला येणाऱ्या बाईंना वेळेवर दिलेला पगार, सभेत मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे केलेली खुर्ची यांपासूनही ती होऊ शकते. पौलाच्या पंधरा क्रियापदांपैकी एखादे तरी आजच्या दिवसात घडले का, हे रात्री दिवा मालवण्यापूर्वी ज्याचे त्याला तपासता येईल.